पापा नेडची फर्माईश

माझे आजोबा, पापा नेड, वारले त्याला बरीच वर्षं झाली, पण बेटावरच्या लोकांशी त्यांचा संपर्क माझ्यापेक्षा चांगला आहे. मी हिल्सबरोच्या पोस्टात खिडकीवर बसतो. दिवसभर लोक माझ्यासमोर उभे असतात, तरी मला कोणी काही सांगत नाही. आजोबा टेकडीवरच्या दफनभूमीत आडवे आहेत, आणि कोणाच्या ना कोणाच्या स्वप्नात जाऊन निरोप देऊन येतात.

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या या कॅरियाकू बेटावर मेलेली माणसं अशीच बोलतात. काही हवं असलं की स्वप्नात येऊन मागतात. कोणाला कोंबडी हवी असते, कोणाला थडग्यावर चुना. माझ्या एका चुलत आजीने फक्त खिडकी लावून घ्यायला सांगितलं, पण कुठली ते सांगायच्या आत स्वप्न पाहणाऱ्याला जाग आली. ते कुटुंब अजून सगळ्या खिडक्या लावून घामाघूम बसतं. मागितलेलं दिलं नाही तर काय होतं, हे कोणालाच माहीत नाही, कारण न देऊन बघायची हिंमत कोणी केलेली नाही. आणि लग्न असो की नवी होडी पाण्यात ढकलायची असो, आधी मेलेल्यांसाठी टेबल मांडायचं, ताट वाढायचं, ताटाशी रमचा प्याला ठेवायचा आणि खोलीचं दार ओढून घ्यायचं. ते जेवले की मग आपण.

माझ्या स्वप्नात मात्र आजवर कोणीही मेलेलं माणूस आलेलं नाही. मला भूमितीचा पेपर दिसतो. पोस्टातल्या माणसाचं स्वतःचं टपाल आयुष्यभर शेजाऱ्यांच्या पत्त्यावर जावं, यात काही न्याय आहे का? पण ते असो.

लग्न माझं होतं. जॅसिंथा धक्क्यावर बोटीची तिकिटं विकते. आमचं लग्न एकदा पुढे ढकललं गेलं होतं, कारण माझ्या आजीला आधी थडग्यावर दगड हवा होता. दगड बसवला, नवी तारीख धरली, आणि एका सकाळी टँटी इस्मे, म्हणजे मला वाढवलेली माझी आत्या, मक्याच्या पिठाचं कूकू घोटता घोटता म्हणाली, "सेल्विन, पापा आले होते."

"बरे आहेत?"

"मेलेत ते. बरे कुठले! डाव्या हातात प्याला होता, रिकामा. म्हणाले, इस्मे, पोराच्या लग्नात माझ्या ताटाशी दुकानातली बाटली ठेवलीस तर मी येणार नाही. मी गाळायचो तशी हवी. आणि पोराने स्वतःच्या हाताने केलेली हवी."

"टँटी, मला अंडं उकडता येत नाही."

"ते मी त्यांना सांगितलं. म्हणाले, अंडं नको."

"आणि नाही जमलं तर?"

टँटीने कूकूचा गोळा ताटलीवर पालथा केला. "तर लग्न नाही. पापा नेड जेवल्याशिवाय या घरातून कोणी चर्चला गेलेलं नाही."

पापा नेडच्या रमबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. एक, ती इतकी कडक की तिच्यात बर्फ टाकला तर तो तळाशी जायचा. दोन, ती कशी करायची हे ते कोणालाही न सांगता मेले. आमच्या घराण्यात गुपित एवढं काटेकोर पाळलं गेल्याचं हे एकच उदाहरण आहे, आणि तेही माझ्याच मुळावर आलं.

मी धक्क्यावर जाऊन जॅसिंथाला सांगितलं. तिने तिकिटाच्या खिडकीतून माझ्याकडे, सुटे पैसे कमी देणाऱ्याकडे बघतात तसं पाहिलं.

"आधी आजीचा दगड. आता आजोबांची दारू. तुझ्याकडचे मेलेले आहेत तरी किती?"

"मोजले नाहीत."

"हे बघ सेल्विन. आता तारीख पुढे गेली, तर मी त्रिनिदादला बहिणीकडे जाईन. तिकीट मीच फाडते, मला कोणाला विचारावं लागत नाही."

हे ती रागाने म्हणाली असती तर मी निश्चिंत झालो असतो. ती शिक्का मारता मारता म्हणाली.

मी कामाला लागलो. काळी मळी ग्रेनाडाहून मालाच्या होडीने, रॉकेलच्या डब्यांतून आली. साखर दुकानातून आणली. यीस्ट बेकरीवाल्याने दिलं, आणि "पाव करतोयस का?" असं अशा सुरात विचारलं की मी "हो" म्हणालो, आणि संध्याकाळपर्यंत मी पाव करतोय यावर गावभर हसणं चाललं होतं. परदेशातल्या मावशीने नाताळला कपडे भरून पाठवलेलं निळं पिंप होतं, ते धुतलं, तरी कापराच्या गोळ्यांचा वास राहिलाच. त्यात कोमट पाणी, साखर, मळी आणि वर यीस्ट घातलं, फडकं बांधलं आणि पिंप ओसरीखाली सावलीत ठेवलं.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कान लावला तर आतून आवाज येत होता, तव्यावर दूरवर काहीतरी परतल्यासारखा. फडकं उचललं. वर तपकिरी फेस धरला होता आणि बुडबुडे एकामागोमाग एक येऊन फुटत होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी सुरू केलं होतं आणि ते माझ्याशिवाय चालू होतं. बाप झाल्यावर बहुधा असंच वाटत असावं. त्या दिवशी मी पोस्टात एका बाईला जास्तीचं तिकीट फुकट चिकटवून दिलं.

आनंद दुपारपर्यंत टिकला. कुंपणापलीकडच्या मिस फिलोमीन हात पुसत आल्या.

"सेल्विन, तुझे आजोबा आले होते रात्री. म्हणाले, पोराला सांग, मळी कमी पडलीय."

टँटी आतून बाहेर आली. "प्याला कोणत्या हातात होता?"

"उजव्या," मिस फिलोमीन म्हणाल्या.

"पापा डावरे होते. घरी जा, फिलोमीन."

मिस फिलोमीन गेल्या, पण गप्प राहायला गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून बेटावर असा माणूस उरला नाही ज्याच्या स्वप्नात प्याला डाव्या हातात नव्हता. मिस फिलोमीनना तर ते पुन्हा दिसले. डाव्या हातात प्याला धरून म्हणाले, मळी कमी आहे, आणि कुंपण जरा सेल्विनच्या बाजूला सरकवायला हवं. टँटीने मळीचं तेवढं ऐकलं. कुंपणाचं पापांना जिवंतपणीही कळत नव्हतं, असं ती म्हणाली.

मी मळी वाढवली. मग एक कोळी आला, त्याच्या स्वप्नात आजोबांनी आणखी मळी मागितली होती. मग धक्क्यावरचा हमाल आला, त्याच्या स्वप्नात साखर. हाताबद्दल विचारलं की सगळे इतक्या झटकन "डावा" म्हणायचे की प्रश्न पुरा होत नसे. मी प्रत्येकाचं ऐकलं. तुम्ही म्हणाल, का ऐकलंस? तर सांगतो. समजा त्यातला एकच जण खरं बोलत असेल, आणि नेमकं त्याचंच मी ऐकलं नाही, तर? लग्न माझं होतं, हमालाचं नाही.

पिंपातलं रसायन आता डांबरासारखं घट्ट झालं आणि एका सकाळी गप्प झालं. कान लावला. काही नाही. मी पिंपाला हाक मारली. मी कधी कोणाला सांगितलं नसतं, पण मिस फिलोमीन कुंपणावरून बघत होत्या, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत आहे.

त्याच दिवशी पोलिसांतला कॉर्पोरल ऑगिस्ट जीप घेऊन आला. तो आणि मी एकाच बाकावर शिकलो, म्हणून तो माझ्याशी बोलताना टोपी काढतो आणि बाकी सगळं ठेवतो.

"सेल्विन, कायदा समजून घे. फसफसणारी मळी हा गुन्हा नाही, तो स्वयंपाकातला अपघात आहे. पण खाली जाळ केलास आणि वर नळी लावलीस, की ती हातभट्टी. मग मला यावं लागेल."

"ती फसफसतच नाहीये."

"मग तर काहीच प्रश्न नाही," तो म्हणाला. माझा चेहरा बघून त्याला जरा वाईट वाटलं असावं. "राजधानीत फोन कर. परवानगी मिळते म्हणतात."

मी पोस्टातूनच फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या.

"घरगुती रम गाळायची परवानगी हवी आहे."

"पिणारे किती?"

"एक."

"तुम्ही?"

"नाही. माझे आजोबा."

"मग त्यांनी बोलायला हवं. द्या त्यांना फोन."

"ते वारलेत."

बाईंनी फॉर्म उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "वारले तेव्हा वय काय होतं?"

"एक्क्याऐंशी."

"म्हणजे वयाची अडचण नाही." हे सांगताना त्यांना बरं वाटल्याचं जाणवलं. "आता राहण्याचं. सलग वास्तव्य लागतं. कुठे असतात?"

"टेकडीवरच्या दफनभूमीत."

"मध्ये कुठे बाहेर गेले नाहीत ना?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण मी सरकारी नोकर, समोरही सरकार. "रात्रीचे जातात," मी म्हणालो.

"मग सलग धरता येणार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

परत आलो तर ओसरीवर मिस्टर हॉस्टेन बसलेले. हे आमचे निवृत्त हेडमास्तर. यांनी मला भूमिती शिकवली, म्हणजे माझ्या स्वप्नांची जबाबदारी थोडीफार त्यांच्याकडे जाते.

"तुझे आजोबा काल माझ्याकडे आले होते," ते म्हणाले. "डाव्या हाताचं मी आधीच सांगून टाकतो. त्यांचं बोलणं अतिशय मुद्देसूद होतं. पहिला मुद्दा, रसायन फार घट्ट झालंय. बादलीभर समुद्राचं पाणी घाल."

"समुद्राचं?"

"मीही हाच प्रश्न केला. म्हणाले, हॉस्टेन, वर्गात प्रश्न शेवटी विचारायचे. दुसरा मुद्दा, ताकद हवेतून निघून चाललीय. फडकं काढ. झाकण घट्ट बसव."

दुसऱ्या मुद्द्यावर आजोबा आणि विज्ञान यांचं जुळत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. पहिला मुद्दा मात्र लागू पडला. पाणी घातल्यावर संध्याकाळी पिंप पुन्हा कुजबुजायला लागलं, मग बोलायला, आणि मग झाकणाखाली कोणीतरी भांडत असल्यासारखं. मी झाकणाची लोखंडी कडी आवळली, वर जात्याचा दगड ठेवला आणि झोपलो. मला भूमितीचा पेपर दिसला. या वेळी सोपा होता, आणि तिथेच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी सकाळी मी ओसरीवर लग्नाच्या सुटाला इस्त्री करत होतो. पिंपाने आधी सुस्कारा सोडला. मग धडाम! जात्याचा दगड ओसरीची एक फळी फोडून वर आला, माझ्याकडे बघून परत खाली गेला. झाकण मिस फिलोमीनच्या अंगणात. रसायन सगळीकडे: छतावर, सुटावर, टँटीच्या वाळत घातलेल्या चादरींवर आणि माझ्यावर. उरलेलं उताराने गटारात आणि गटारातून रस्त्यावर वाहायला लागलं. वास तुम्हाला सांगतो, एखादी बेकरी दारू पिऊन रडली तर यावा तसा होता.

टँटी दारात आली. तिने सगळं पाहिलं. "पापा कधी झाकण घालायचे नाहीत," ती म्हणाली.

"हे तुला माहीत होतं?"

"मला कोणी विचारलं का? सगळे त्यांनाच विचारत होते."

आता कोरडे दिवस होते. मका आणि तूर घरात आली की आमच्याकडे शेळ्या-मेंढ्या मोकाट सोडतात, आणि त्या उन्हात रस्त्यावर जे ओलं दिसेल ते चाटत फिरतात. त्या दिवशी रस्ता ओला होता. अर्ध्या तासात पोस्टासमोर शेळ्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, लग्नाच्या शेवटी पाहुणे उभे राहतात तशा. एक बोकड चर्चच्या पायरीवर बसून कोणाचीही वाट न बघता वाट बघत होता. आणि एक मोठा पांढरा मेंढा सरळ धक्क्यावर गेला आणि तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. लोक पुढे सरकले तसा तो सरकला. खिडकीशी पोचला, जॅसिंथाकडे बघितलं, आणि आडवा झाला. त्याला कोणी हलवू शकेना. त्या दिवशीची बोट उशिरा सुटली.

मेंढा जॅसिंथाच्या वडिलांचा होता. लग्नाच्या जेवणासाठी राखलेला. मिस्टर कॉम्प्टन विंडवर्ड गावात होड्या बांधतात आणि फार बोलत नाहीत. लाकूड बोललेलं त्यांना आवडतं. ते संध्याकाळी आमच्याकडे आले.

"माझ्या मेंढ्याला काय पाजलंस?"

"मी नाही पाजलं. तो स्वतःहून प्यायला."

"लग्नाच्या आधीच?"

मी म्हणालो, "कसा आहे आता?"

"गातोय," मिस्टर कॉम्प्टन म्हणाले, आणि त्याच्या उशाशी बसायला परत गेले.

टँटीने चादरी पुन्हा धुतल्या आणि म्हणाली की झालं ते झालं, नवी मळी मागवू, तारीख पुढे ढकलू. हे जॅसिंथापर्यंत कोणी पोचवलं ते मला माहीत नाही. पोस्टाने नाही. तिने उलट निरोप पाठवला की सोमवारच्या बोटीचं तिकीट तिने फाडलंय. एक.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे आमच्या स्वयंपाकघरात जमले. मिस फिलोमीन झाकण परत द्यायला आल्या होत्या, मिस्टर हॉस्टेन आपले मुद्दे बरोबरच होते हे सांगायला, आणि कॉर्पोरल ऑगिस्ट स्फोटाला कुठला कायदा लागतो याचा विचार करायला. मी कोपऱ्यात बसून, रविवारनंतर सोमवार न येण्याची काही सोय आहे का, हे बघत होतो. तेवढ्यात जॅसिंथा आली. बूट पुसले, टँटीला नमस्कार केला, बसली नाही.

"टँटी इस्मे, काल रात्री माझ्या स्वप्नात पापा नेड आले होते."

तिच्याही! तिने तर त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि मी सख्खा नातू.

टँटीने पळी खाली ठेवली. "अस्सं. प्याला कोणत्या हातात होता?"

मिस फिलोमीन मागून तिला डावा हात हलवून दाखवत होत्या. जॅसिंथाने तिकडे बघितलं नाही.

"कोणत्याच नाही."

"म्हणजे?"

"दोन्ही हात रिकामे होते. म्हणाले, सोडली."

"काय सोडली?"

"दारू."

मिस्टर हॉस्टेननी चष्मा काढला. कॉर्पोरल ऑगिस्टने टोपी काढली, मेलेल्यांसाठी काढतात तशी.

"पापा असं म्हणणारच नाहीत," टँटी म्हणाली.

"तेही म्हणाले. म्हणाले, इस्मे म्हणेल, पापा असं म्हणणारच नाहीत."

टँटी बसली. मी तिला इतक्या वर्षांत स्वयंपाकघरात बसलेलं पाहिलं नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली, कोणीतरी हे खोटं ठरवेल म्हणून. पण ठरवणार कोण? जॅसिंथाचं स्वप्न खोटं, तर कुंपणाचं खरं कसं? समुद्राच्या पाण्याचं खरं कसं? प्रत्येकजण आपापल्या स्वप्नावर बसला होता आणि कोणालाच उठता येत नव्हतं.

"मला तर काल," मिस फिलोमीननी सुरुवात केली.

जॅसिंथाने वळून पाहिलं.

"काही नाही. मला झोपच लागली नाही."

"मग ताटाशी ठेवायचं काय?" टँटीने विचारलं. आवाजात आता भांडण नव्हतं. घरात पाहुणा यायचाय आणि त्याचं पथ्य विचारावं, तसं विचारत होती.

"कोकोचा चहा," जॅसिंथा म्हणाली. "साखर कमी."

तारीख पुढे गेली नाही. सोमवारचं तिकीट जॅसिंथाने स्वतःच रद्द केलं आणि स्वतःचेच पैसे कापून घेतले, नियम म्हणजे नियम. आदल्या दिवशी टँटीने टेबल मांडलं: कूकू, तांदळाचे गोळे, कोंबडी आणि कोकोचा चहा. दार ओढून घेतलं. लग्नात आमच्या रिवाजाप्रमाणे झेंडा नाचवला, केक डोक्यावर घेऊन बायका नाचल्या, आणि माझ्या सुटाला मळीचा इतका सुंदर तपकिरी रंग आला होता की दोघांनी शिंप्याचं नाव विचारलं. जेवणात मेंढा नव्हता. मिस्टर कॉम्प्टन रात्रभर त्याच्या उशाशी बसले होते, आणि एकदा उशाशी बसलं की माणसाला मेंढा कापवत नाही. तो निमंत्रितांत होता. त्याने फक्त पाणी घेतलं.

आणि त्या रात्री मला भूमितीचा पेपर दिसला नाही. पलंगाच्या पायथ्याशी आजोबा उभे होते. रविवारची टोपी, ओल्या मळीचा वास, आणि डाव्या हातात प्याला, रिकामा. मला इतका आनंद झाला की मी उठून बसलो, स्वप्नातच. अखेर माझ्या पत्त्यावर!

"कोण म्हणालं मी सोडली?" आजोबा म्हणाले.

मी फक्त शेजारी बोट दाखवलं. जॅसिंथा भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. एकदा घसा साफ केला. मग विचार बदलला. प्याला हळूच पाठीमागे नेला आणि माझ्याकडे वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"साखर तरी जरा जास्त घालायला सांग."